मुलीला गोलकीपरच व्हायचंय, यात पुढे खरंच काही होतं का?

रंकाळावेस:
नमस्कार मंडळी. कोल्हापूरची आहे, त्यामुळे फुटबॉलचं वेड म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको, सासर माहेर दोन्ही पेठेतलंच आणि शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की आमच्या घरातले बाप्ये जेवायला सापडत नाहीत. प्रश्न मुलीचा आहे. नववीत आहे, चौदा पूर्ण. शाळेच्या टीममध्ये गोलात उभं राहायला कोणी तयार नव्हतं म्हणून सरांनी हिला उभं केलं, आणि आता हिला दुसरीकडे कुठे खेळायचंच नाहीये. जिल्ह्याच्या टीममध्येही घेतलं. हौस म्हणून खेळते तोवर आम्ही सगळेच कौतुक करत होतो पण आता म्हणते की मला प्रोफेशनल गोलकीपर व्हायचंय आणि दहावीनंतरचं सगळं त्याच हिशोबाने ठरवूया. तिचे बाबा स्वतः तालमीकडून (आमच्याकडे फुटबॉलच्या टीम तालमींच्याच असतात) खेळलेत पण या विषयावर एकदम गप्प. सासूबाईंचं म्हणणं, नाकाडाला बॉल लागून नाक मोडलं तर पुढे काय.

तर मला विचारायचंय ते असं. आपल्याकडे बाई गोलकीपर म्हणून पोट भरता येतं का, आलं तर किती वर्षं, आणि त्यानंतर काय. तिच्या कपाटाच्या दाराला भारताची गोलकीपर अदिती चौहान हिचा फोटो आहे, ती २०२५ मध्ये रिटायर झाली, तिचं नक्की कसं कसं झालं हे कोणाला नीट माहीत असेल तर सांगा. दुसरं म्हणजे उंची. आत्ता पाच फूट तीन आहे, आम्ही दोघं काही ताडमाड नाही. तिसरी भीती अशी की टीममध्ये फॉरवर्ड तीन खेळतात, गोली एकच, म्हणजे दुसऱ्या नंबरची असली की आयुष्यभर बाकावर.

एक विनंती, "मुलीच्या पंखांना बळ द्या" छाप उत्तरं नकोत, त्यासाठी आमचा फॅमिली ग्रुप आहे.

जुना_गोली:
वहिनी, पेठेतल्या म्हणजे आपल्याच. मी पण तालमीकडून गोलात होतो, नाव सांगत नाही, सांगितलं तर कुठल्या मॅचला किती खाल्ले ते लोक इथं लिहितील. 😄

करिअरचं बाकीचे सांगतील, मी मैदानातलं सांगतो. आपल्याकडे गोलीचा सराव म्हणजे काय करतात, तर बाकीच्यांची शूटिंग प्रॅक्टिस चालू असती आणि गोलीला मधे उभा करतात. त्याला सराव म्हणत नाहीत ओ, त्यो मार खाणं झालं. पोरगीला गोलीचं वेगळं कोचिंग मिळतंय का ते आधी बघा, आठवड्यातनं दोन दिवस मिळालं तरी चालेल पण ज्याला गोलीचं कळतं असा माणूस पाहिजे. खाली पडायचं कसं हे शिकवायलाच महिना जातो. बरीच पोरं कोपरावर नाहीतर गुडघ्यावर पडतात, पडायचं असतं कुशीवर, मांडी कंबर खांदा असं क्रमानं, आणि बॉल आधी जमिनीला टेकवायचा मग अंग. पावसाळ्यात चिखलात सगळे हिरो असतात, मार्च एप्रिलला मैदान दगडासारखं झालं की खरं कळतं कोण पडतंय आणि कोण नुसतं हात वर करतंय.

आणि एक बघा, गोल खाल्ल्यावर पोरगी काय करती. रडत असली तरी हरकत नाही. पण पुढच्या बॉलला ओरडती का? "माझा", "सोड", "लाइन वर घे" असं मोठ्यानं, सिनियर पोरींवर पण? गोलीचा आवाज डिफेन्सच्या शेवटच्या पोरीला पाठ न फिरवता ऐकू गेला पाहिजे. माझा अर्धा खेळ तोंडावर चालायचा. घरात पोरगी हळू बोलणारी असेल तर हे शिकायला वेळ लागतो, पण येतं.

पायाचं पण बघा. १९९२ च्या आधी डिफेंडरनं मागं दिलेला बॉल गोली सरळ हातात घ्यायचा, तो नियम गेला तेव्हाच निम्म्या गोल्यांचं अवघड झालं, आणि आता तर गोलीकडनंच खेळ सुरू करायची फॅशन आहे. शिवाय आता हातात आठ सेकंदाच्या वर बॉल धरला की समोरच्याला कॉर्नर. माझ्यासारखा टाइम खाणारा गोली आता खपायचा नाही.

सांगलीचा_भाचा:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. उंची पाच तीन, रिॲक्शन चांगली, हाताला बॉल चिकटतो, म्हणजे विकेटकीपिंगला तयारच आहे की पोरगी. क्रिकेटमध्ये घाला. आमच्या सांगलीची स्मृती मानधना डब्ल्यूपीएलच्या पहिल्याच लिलावात ३ कोटी ४० लाखाला गेली. फुटबॉलमध्ये तेवढे पैसे अख्ख्या टीमचे पण होत नसतील. कोल्हापूरला फुटबॉलचा नाद लई आहे मान्य, पण नादावर घर चालत नाही.

रंकाळावेस:
@सांगलीचा_भाचा राग नाही, हे घरात पण बोलून झालंय. तिला क्रिकेट आवडत नाही, इतकं साधं आहे. तिचे शब्द, "दिवसभर उन्हात उभं राहून एक कॅच."

लेस्टरकर:
मूळचा साताऱ्याचा, बरीच वर्षं इंग्लंडात, लेस्टरला. इथे महिला फुटबॉल जरा जवळून बघायला मिळतं आणि अदिती चौहान ज्या लफबरो युनिव्हर्सिटीत शिकली ती इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास, म्हणून थोडं लिहितो. थोडं म्हणजे लांबणार आहे, आधीच सांगतो.

अदितीचा जन्म चेन्नईचा, १९९२ चा, वाढली दिल्लीत. लहानपणी कराटे आणि बास्केटबॉल, फुटबॉल नाहीच. बास्केटबॉलच्या कोचनीच सुचवलं की गोलकीपरची ट्रायल देऊन बघ, आणि पंधराव्या वर्षी दिल्लीच्या १९ वर्षांखालच्या संघात. हे तुम्हाला मुद्दाम सांगतोय कारण चौदाव्या वर्षी सुरुवात म्हणजे उशीर झाला असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, आणि तुमची मुलगी बास्केटबॉल खेळत असेल तर ते सोडायला लावू नका कारण हवेतला बॉल पकडायचं टायमिंग तिथून फुकटात मिळतं. मग भारताकडून खेळली, २०१२ ची सॅफ चॅम्पियनशिप (दक्षिण आशियातल्या देशांची) जिंकणाऱ्या संघात होती, नंतर २०१६ आणि २०१९ ला पण. पण भारतात तेव्हा मुलींसाठी राष्ट्रीय लीगच नव्हती, इंडियन विमेन्स लीग सुरू झाली २०१६-१७ ला. म्हणजे देशाची गोलकीपर आहे आणि खेळायला क्लब नाही, वर्षातनं कॅम्प लागला की खेळायचं नाहीतर घरी. ती मग शिकायला म्हणून लफबरोला आली, स्पोर्ट मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स केलं, आणि इथे असताना २०१५ मध्ये वेस्ट हॅम लेडीजमध्ये गेली. ऑगस्ट २०१५ ला कॉव्हेंट्रीविरुद्ध पहिली मॅच, आणि निकाल ०-५. आपल्याकडच्या पेपरात "इंग्लिश क्लबकडून खेळणारी पहिली भारतीय महिला" असं सगळीकडे छापून आलं, पाच गोल खाल्ले ते बारीक अक्षरात. पण त्याच वर्षी लंडनमध्ये एशियन फुटबॉल अवॉर्ड पण मिळालं तिला.

इथे एक गैरसमज असतो. वेस्ट हॅम म्हटलं की लोकांना प्रीमियर लीगचं वेस्ट हॅम दिसतं. तेव्हाची महिला टीम तिसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होती. संध्याकाळी सराव, दिवसा नोकरी नाहीतर कॉलेज, असं चालायचं बहुतेक मुलींचं त्या लेव्हलला. त्यामुळे अदितीच्या करिअरकडे "इंग्लंडला गेली आणि मोठी झाली" असं बघू नका, तिने डिग्रीच्या व्हिसावर येऊन फुटबॉलसाठी जागा शोधली असं बघा. ते जास्त शिकण्यासारखं आहे.

मग परत भारतात, गोकुलम केरळकडून २०१९-२० ची लीग जिंकली, मधे आइसलँडमध्ये हमार म्हणून क्लब आहे तिथे पण खेळून आली. आणि खेळत असतानाच मुलींसाठी शी किक्स नावाची अकॅडमी काढली. २०२५ च्या जुलैत थांबली तेव्हा स्वतःच लिहिलं की १७ वर्षं झाली. म्हणजे तुमच्या "किती वर्षं" ला एक उत्तर तिथेच आहे.

बाकाचं नंतर लिहितो, आत्ता शिफ्ट आहे.

फातोर्डा_फॅन:
मडगावहून. वर लेस्टरकरांनी इंग्लंडचं लिहिलं, मी इथलं लिहितो कारण मुलगी इथे खेळणार आहे, लफबरोला नाही.

पैसा. भारतीय फुटबॉल फेडरेशनने २०२३ मध्ये ठरवलं की आयडब्ल्यूएलमधल्या (म्हणजे इंडियन विमेन्स लीगमधल्या) क्लबांनी निदान दहा भारतीय मुलींना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजाराचं कॉन्ट्रॅक्ट द्यायचं. महिन्याला साधारण साडेसव्वीस हजार. हा किमान आकडा आहे, नॅशनल टीमच्या मुलींना यापेक्षा बरं मिळतं, पण तुम्ही हिशोब किमान आकड्यावरच करा. आणि "निदान दहा" हे शब्द नीट वाचा, स्क्वाडमध्ये वीस पंचवीस जणी असतात. त्या दहात तिसऱ्या नंबरची गोली असेलच असं नाही. लीगसुद्धा काही महिन्यांचीच असते, पुरुषांच्या आयएसएलसारखी लांबलचक नाही.

म्हणून इथल्या बहुतेक मुली नोकरी बघतात, रेल्वे, पोलीस, निमलष्करी दलं, स्पोर्ट्स कोटा. राज्याकडून सिनियर नॅशनल खेळलेलं असलं की अर्जाला वजन येतं. ती नॅशनल म्हणजे राजमाता जिजाबाई ट्रॉफी, नाव आपलं आणि जिंकतं मणिपूर, वीसपेक्षा जास्त वेळा जिंकलीय त्यांनी. तुमच्या मुलीला पुढे जायचं असेल तर कधी ना कधी मणिपूरच्या मुलींच्या पुढे उभं राहावं लागणार, हे आत्ताच डोक्यात ठेवलेलं बरं. आत्ताची पंथोई चानू तिथलीच. ईस्ट बंगालने २०२४-२५ ची लीग जिंकली त्यात ती, त्याआधी दक्षिण ऑस्ट्रेलियात मेट्रो युनायटेडकडून खेळून आली, आणि २०२५ च्या जुलैत चियांग माईला थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवून भारताने एशियन कप गाठला तेव्हा गोलात तीच. पात्रता फेरी खेळून एशियन कपला जायची आपली ही पहिलीच वेळ. संगीता बासफोरेचे दोन गोल सगळ्यांना आठवतात, शेवटची पाच मिनिटं कोणी बॉल पोटाशी धरून झोपलं होतं ते कोणाला आठवत नाही, गोलीचं नशीबच ते.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२२ ला एशियन कप आपल्याकडे होता, नवी मुंबई, मुंबई आणि पुणे. पहिली मॅच डीवाय पाटीलला इराणशी ०-०, गोलात अदिती, क्लीन शीट. आम्ही सगळे म्हणतोय की चला, आता चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) हरवलं की वर्ल्ड कपच्या वाटेवर लागलो. आणि मॅचच्या दिवशी टीममध्ये कोविड, इतक्या जणी पॉझिटिव्ह की नियमाप्रमाणे लागणाऱ्या तेरा खेळाडू उभ्या करता येईनात. मॅच झालीच नाही आणि भारत स्पर्धेतूनच बाद. म्हणजे अदितीच्या नावावर घरच्या एशियन कपमध्ये एक मॅच, एकही गोल न खाता, आणि स्पर्धा संपली. त्याच डीवाय पाटीलवर नोव्हेंबर २०२५ ला आपल्या क्रिकेटवाल्या पोरींनी वर्ल्ड कप उचलला तेव्हा मला आनंद झालाच, पण इराणची मॅच आठवून जीव तुटला पण.

आणि २०२२ च्याच ऑगस्टमध्ये गोकुलमच्या मुली एशियन क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन पोचल्या आणि इकडे फिफाने फेडरेशनलाच सस्पेंड केलं. हॉटेलात बसून राहिल्या, एकही मॅच न खेळता परत. खेळाडूंची चूक शून्य. हे सगळं भीती घालायला नाही सांगत, पण करिअर म्हणताना स्वतःच्या हातात नसलेल्या गोष्टी किती असतात ते पालकांना माहीत पाहिजे.

सांगलीचा_भाचा:
बघा, मी हेच म्हणत होतो. साडेसव्वीस हजारात गोळ्या झेलायच्या.

जुना_गोली:
@सांगलीचा_भाचा अरे बाबा, डब्ल्यूपीएलला पण पाच टीम. राज्यभर किती पोरी क्रिकेट खेळतात आणि त्यातल्या लिलावात किती जातात ते पण सांग की. एक मानधना सांगून उपयोग नाही.

फिजिओताई:
नाशिकला स्पोर्ट्स फिजिओ आहे, मुलींचे फुटबॉल आणि कबड्डीचे गुडघे रोज बघते, म्हणून नाकाची नाही, गुडघ्याची काळजी करा असं सांगायला आले.

वयात येणाऱ्या मुलींमध्ये एसीएल (गुडघ्यातला एक मुख्य लिगामेंट) फाटायचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि ते बहुतेक वेळा कोणी धक्का न देता होतं, उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा आत वळतो आणि "कट" असा आवाज येतो. गोलकीपर तर सतत हेच करते, क्रॉसला (बाजूने हवेत येणाऱ्या बॉलला) एका पायावर उडी आणि खाली येताना गर्दी. ऑपरेशन झालं की परत मैदानात यायला नऊ महिने धरून चाला, घाईने आले की परत फाटतं. चौदा पंधरा वर्षं म्हणजे उंची वाढत असते, वजन वाढत असतं आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद त्या वेगाने वाढत नाही, म्हणून याच वयात शिकवलं पाहिजे.

काय करायचं तर फिफा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा, पळणं, प्लँक, हॅमस्ट्रिंगचा तो गुडघ्यावर बसून पुढे झुकायचा व्यायाम, एका पायावर तोल, उड्या. फुकट आहे, व्हिडिओ सापडतात. आठवड्यातून दोन तीनदा नियमित केला तर दुखापती खरंच कमी होतात, यावर चांगला अभ्यास झालेला आहे. आपल्याकडे कोच मैदानाला दोन चकरा मारायला लावतात आणि झालं वॉर्मअप. शाळेच्या सरांना आवडो न आवडो, मुलीला मॅचच्या आधी एकटीला कोपऱ्यात करू द्या.

पाळी, जेवण आणि लोह हा वेगळा विषय आहे पण एवढंच सांगते, पाळी दोन तीन महिने आली नाही तर "खेळते म्हणून असं होतं" असं म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि स्पोर्ट्स ब्रा चांगली घ्या, डाइव्ह मारायला मुली बिचकतात त्याचं ते एक कारण असतं आणि कुठलाही पुरुष कोच हे बोलत नाही.

रंकाळावेस:
@फिजिओताई खूप खूप धन्यवाद, शेवटचा मुद्दा तर कोणी सांगितलाच नसता. ११ प्लस बघितला, आजपासून सुरू.
@फातोर्डा_फॅन तुमचं वाचून तिचे बाबा पहिल्यांदा या विषयावर बोलले. म्हणाले, "निदान खरं तरी सांगितलं कोणीतरी."
उंचीचं आणि बाकाचं राहिलं. लेस्टरकर, शिफ्ट संपली का?

लेस्टरकर:
संपली. चहा घेऊन बसलोय.

उंची. गोल बायकांना पण तेवढाच, २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच, त्यात सवलत नाही. त्यामुळे उंचीचा फायदा नाही असं म्हणणं खोटं. चिलीची क्रिस्टियाने एंडलर सहा फुटाच्या आसपास आहे, तिचे हात बघितले की हेवा वाटतो. पण इंग्लंडची मेरी अर्प्स पाच फूट आठ, आणि २०२२ आणि २०२३ सलग दोन वर्षं फिफाने तिला जगातली सगळ्यात चांगली महिला गोलकीपर ठरवलं. पाच तीन कमी आहे, हे खरं बोलतो, पण चौदाव्या वर्षीची पाच तीन आहे. डॉक्टरला विचारा अजून किती वाढेल ते. पाच सहापर्यंत गेली तर भारतात उंचीवरून कोणी बाहेर काढणार नाही, न गेली तर मात्र गोलाच्या पुढे येऊन खेळणं आणि पायाने खेळणं यात बाकीच्यांपेक्षा पुढे असावं लागेल. उंची कमी असलेली गोली लाइनवर उभी राहिली की मेली.

आता बाक, जो माझ्या मते तुमच्या तिन्ही प्रश्नांतला खरा प्रश्न आहे. फॉरवर्ड वाईट खेळली तर साठाव्या मिनिटाला बदलतात, उद्या दुसरी. गोली सहसा बदलत नाहीत. पहिली दुखावली, थकली किंवा कोच बदलला तरच दुसरीचा नंबर. त्यामुळे या जागेवरच्या जवळपास सगळ्या मोठ्या नावांच्या आयुष्यात वाट बघण्याचा एक लांब तुकडा असतो. जर्मनीची नाडिन आंगेरर १९९६ ला देशाकडून पहिली मॅच खेळली आणि मग वर्षानुवर्षं सिल्के रोटेनबर्गच्या मागे, २००३ चा वर्ल्ड कप टीमने जिंकला आणि ही बाकावर. २००७ ला रोटेनबर्गचा गुडघा गेला (फिजिओताई बरोबर बोलतायत, गुडघाच), आंगेररला संधी मिळाली आणि अख्ख्या वर्ल्ड कपमध्ये एकही गोल खाल्ला नाही, फायनलला ब्राझीलच्या मार्ताची पेनल्टी अडवली. तेव्हा वय अठ्ठावीस. २०१३ च्या युरो (युरोपातल्या देशांची स्पर्धा) फायनलमध्ये नॉर्वेच्या दोन पेनल्ट्या थांबवल्या आणि त्या वर्षी फिफाची सर्वोत्कृष्ट महिला खेळाडू झाली, तोपर्यंत कुठल्याच गोलकीपरला, बाई असो की पुरुष, ते मिळालं नव्हतं.

अर्प्सचं पण तसंच. नॉटिंगहॅमची पोरगी, डॉनकास्टर, बर्मिंगहॅम, ब्रिस्टल, रीडिंग असे क्लब फिरली, आणि मधे लफबरोलाच शिकून २०१६ ला डिग्री घेतली, इन्फर्मेशन मॅनेजमेंट आणि बिझनेस. हो, अदिती आणि अर्प्स एकाच युनिव्हर्सिटीच्या. मग जर्मनीत वोल्फ्सबर्ग, तिथे एकच सीझन आणि मॅचेस थोड्याच, मग मँचेस्टर युनायटेड. आणि देशाच्या टीममधून जवळपास दोन वर्षं बाहेर, इतकं की फुटबॉल सोडायचा विचार केला होता असं तिने स्वतः सांगितलंय. २०२१ च्या सप्टेंबरला सरिना वीगमन कोच म्हणून आली आणि तिने हिला परत बोलावलं. वय बघा, अठ्ठावीसच! पुढच्या वर्षी वेम्बलीला ८७ हजार लोकांसमोर जर्मनीला हरवून युरो, प्रत्येक मॅचचं प्रत्येक मिनिट अर्प्स गोलात. २०२३ वर्ल्ड कप फायनलला स्पेनच्या हेर्मोसोची पेनल्टी अडवली, मॅच तरी ०-१ हरले पण गोल्डन ग्लोव्ह, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम गोलीचं बक्षीस, हिला. आणि त्याच वर्ल्ड कपला नायकीने बाकी सगळ्यांचे जर्सी विकायला काढले आणि गोलकीपरचा काढलाच नाही, दीड लाखावर लोकांनी सह्या केल्या तेव्हा कुठे थोडे विकायला ठेवले आणि ते बघता बघता संपले. गोलीची किंमत कळायला उशीर लागतो हे फक्त आपल्याकडेच असं नाही.

गंमत म्हणा किंवा क्रूरपणा म्हणा, २०२५ ला तीच गोष्ट उलटी झाली. हॅना हॅम्पटन नावाची इंग्लंडची दुसरी गोली पुढे आली, अर्प्सला कळलं की आपण आता पहिल्या नंबरवर नाही, आणि युरोच्या तोंडावर तिने देशाकडून खेळणं थांबवलं. यावरून इथे लोक अजून भांडतात, बाकावर बसून टीमला मदत करायची होती की नाही वगैरे. माझं मत, थांबली ते ठीक केलं, जिने इतकी वर्षं वाट बघितली तिला परत वाट बघायला सांगायचा हक्क कोणाला नाही. पण अर्थात हॅम्पटनने मग बासेलच्या फायनलला स्पेनच्या दोन पेनल्ट्या अडवल्या आणि वाद तिथेच मिटल्यासारखा झाला. आणि या हॅम्पटनला लहानपणी डोळ्याच्या दोषामुळे डॉक्टरांनी सांगितलं होतं की फुटबॉल जमणार नाही, बॉल किती लांब आहे याचा अंदाजच नीट येत नाही म्हणे. तुमची पाच तीन त्यापुढे काहीच नाही.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. दहावी बारावी नीट, डिग्री सोडायची नाही, पण अशा कॉलेजात जिथे मुलींची टीम खरंच खेळते. पंचविशीपर्यंत निकाल मागायचा नाही, या जागेवर तो येतच नाही लवकर. आणि टीम निवडताना मोठं नाव बघू नका, खेळायला मिळेल ती टीम बघा. मोठ्या क्लबच्या तिसऱ्या नंबरपेक्षा छोट्या क्लबची पहिली गोली वर्षाला वीस मॅच जास्त खेळते.

फातोर्डा_फॅन:
शेवटच्या वाक्याला दोन्ही हातांनी अनुमोदन. इथे चांगल्या चांगल्या मुली मोठ्या क्लबच्या बाकावर वाया गेलेल्या बघितल्यात. एक भर, खेलो इंडियाच्या अस्मिता लीग आणि शाळेकडून सुब्रोतो कप, दोन्हीची चौकशी करा, १७ खालच्या मुलींना मॅचेस मिळायचे ते मार्ग आहेत. निवडीच्या तारखा केएसए (कोल्हापूरची फुटबॉल संघटना) आणि विफाकडे (राज्याची संघटना) विचारत राहा, कोणी फोन करून सांगत नाही.

सांगलीचा_भाचा:
ठीक आहे, क्रिकेटचा अर्ज मागे घेतो. पण लेस्टरकर, तुम्ही दाखवलेल्या सगळ्या यशस्वी झालेल्या आहेत. ज्या अठ्ठावीसपर्यंत थांबल्या आणि काहीच झालं नाही त्यांचं काय?

लेस्टरकर:
@सांगलीचा_भाचा बरोबर प्रश्न. त्या बहुसंख्य आहेत आणि त्यांची नावं मला माहीत नाहीत, तुम्हालाही नाहीत. म्हणूनच डिग्री म्हटलं. गोलकीपिंगचे कोचिंग लायसन्स पण असतात, खेळता खेळता करता येतात, आणि वर जुना_गोली म्हणाले तसं मुलींना गोलीचं शिकवणारं कोणी नाहीये, त्यात बाई तर जवळपास नाहीच. ते काम शिल्लक आहे.

रंकाळावेस:
सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही तिघं काल बसलो. ठरलं ते असं, दहावीला सराव चालू, फक्त बाहेरगावच्या स्पर्धा बोर्डाच्या आधी दोन महिने बंद. हे तिनेच सुचवलं, आम्ही चार महिने म्हणणार होतो, गप्प बसलो. बाबा रविवारी सकाळी स्वतः तिला क्रॉस टाकायला नेणार आहेत, सासूबाई नाकाचं अजून म्हणतायत. लेस्टरकर, तुमची अर्प्सची गोष्ट तिला वाचायला दिली तर म्हणते "म्हणजे अजून चौदा वर्षं आहेत, मग एवढं काय टेन्शन घेता."

एक शेवटचं @जुना_गोली, ग्लोव्हज घ्यायचेत. आत्ताचे शाळेचे आहेत, मुलांचे, सैल होतात. दुकानदार म्हणतो आठ नंबर घ्या, वाढत्या अंगाचे. ऑनलाइन तर दीड हजारापासून बारा हजारापर्यंत काहीही दिसतंय.

जुना_गोली:
वाढत्या अंगाचे युनिफॉर्म घेतात ओ, ग्लोव्हज नाही! पंजाचा घेर मोजा, अंगठा सोडून, बोटांच्या खाली जिथं पंजा सगळ्यात रुंद असतो तिथं, टेलरची टेप घेऊन इंचात. जो आकडा येईल तो वरच्या पूर्णांकाला न्या आणि त्यात एक मिळवा, तो नंबर. घातल्यावर बोटाच्या पुढं अर्धा बोटभर जागा राहिली तर बास, जास्त राहिली तर बॉल बोटाच्या टोकानं सुटतो.

बारा हजाराचे अजिबात नकोत. महाग ग्लोव्हजचा फोम मऊ असतो, ग्रिप झकास पण आपल्या मैदानावर चार मॅचला सोलून निघतो. दोन जोड घ्या, सरावाला जाड फोमचे साधे, मॅचला बरे. मॅचच्या आधी थोडं पाणी लावून ओले करायचे, कोरडा लॅटेक्स पकडत नाही. झालं की कोमट पाण्यात हातानं धुवायचे, मशीनला नको, पिळायचे नाहीत, आणि उन्हात तर अजिबात वाळवू नका, फोम कडक होऊन भेगा पडतात. सावलीत टांगा. आणि बॅगेत ओले कोंबून ठेवले तर जो वास येतो त्यानं सासूबाईंना नाकाचा खरा प्रॉब्लेम होईल.

रविवारी बाबा क्रॉस टाकणार म्हणताय तर त्यांना सांगा, डाव्या पायानं पण टाका. तालमीतले आम्ही सगळे उजव्या पायाचे.